बीजाणूपासून नेचा: नवख्यांसाठी पेरणीपासून कुंडीपर्यंत

नर्सरीतून नेच्याची कुंडी कुणीही आणतं. पण त्या कुंडीत नेच्याचं निम्मंच आयुष्य असतं. उरलेलं निम्मं एक वेगळंच रोप जगतं: करंगळीच्या नखाहून लहान, मातीला चिकटलेलं, स्वतःचं अन्न स्वतः करणारं. शाळा-कॉलेजात आपण 'पिढ्यांचं एकांतरण' पाठ करतो, आकृती काढतो, मार्क मिळवतो आणि ती दुसरी पिढी डोळ्यांनी कधी बघतच नाही. ती बघायची तर नेचा बीजाणूपासून वाढवायला हवा. खर्च किरकोळ आहे, धीर मात्र सहा-आठ महिन्यांचा लागतो.

आधी चक्र डोक्यात पक्कं करा, म्हणजे डब्यात काय चाललंय ते कळेल. नेच्याच्या पानामागे बीजाणू तयार होतात. बीजाणू म्हणजे बी नव्हे. ती एकच पेशी असते, तिच्यात गर्भ नसतो, आणि गुणसूत्रांचा एकच संच असतो. ती रुजली की त्यातून नेचा उगवत नाही, प्रोथॅलस उगवतो, म्हणजे वर सांगितलेलं ते नखाहून लहान रोप. प्रोथॅलसवर पुंयुग्मकं (नर-पेशी) आणि अंडपेशी (मादी-पेशी) ही युग्मकं तयार होतात, पुंयुग्मक पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जातं, आणि फलन झालं की तिथून आपल्या ओळखीचा नेचा वर येतो. शेवाळापासून सूचिपर्णी झाडांपर्यंत सगळीकडे हीच दोन पिढ्यांची चाल आहे, हे १८५१ साली दाखवून दिलं विल्हेल्म होफमायस्टरने. हा गृहस्थ लाइपझिगमधला संगीताच्या पुस्तकांचा व्यापारी. वनस्पतिशास्त्राची पदवी नाही, दृष्टी अधू, आणि वय अवघं सत्तावीस.

काय काय लागेल

- झाकणाचा पारदर्शक डबा (मिठाईचा किंवा केकचा चालतो, उंची चार बोटं तरी हवी)
- कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि बारीक गाळणी
- उकळून गार केलेलं पाणी किंवा पावसाचं पाणी, आणि बारीक फवाऱ्याची स्प्रे बाटली
- गुळगुळीत पांढरा कागद. वहीचा खरखरीत नको
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफाकडे असतं तसं
- टूथपिक, चिकटपट्टी, आणि न पुसणारं मार्कर पेन
- जमलं तर सूक्ष्मदर्शक. कॉलेजचा मिळत नसेल तर कागदी फोल्डस्कोपवरही बरंच दिसतं

कागदपत्रं कसलीच लागत नाहीत, पण एक पथ्य पाळा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून वनखात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि गरजही नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर हवा तेवढा माल असतो.

१. नेचा नीट निवडा

निम्मे लोक इथेच फसतात. नर्सरीत 'फर्न' म्हणून मिळणारी प्रत्येक गोष्ट फर्न नसते. ॲस्परॅगस फर्न हा शतावरीचा भाऊबंद. त्याला पांढरी फुलं येतात, लाल फळं धरतात, बीजाणू कधीच येत नाहीत. बोस्टन फर्न हा खरा नेचा आहे, पण त्याच्या बागेतल्या जाती बहुतेक वांझ. पानामागे ठिपके दिसतात, तुम्ही हौसेने पेरता, आणि डबा महिनोन् महिने काळाच राहतो. नर्सरीवाले तो धावत्या फुटव्यांपासून वाढवतात.

पहिल्या खेपेला टेरिस व्हिटाटा घ्या. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या विटांत, पाण्याच्या पाइपामागे, विहिरीच्या कडेला, शिडीसारख्या लांब पिसांचा जो नेचा दिसतो तोच हा. त्याला चुना आवडतो, म्हणून जुन्या चुन्याच्या बांधकामावर तो जास्त. (हा मातीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो हे २००१ मध्ये लक्षात आलं, तेव्हा पानं गुरांपुढे टाकू नका.) दुसरा पर्याय ओढ्याकाठी आणि कुंड्यांत आपोआप उगवणारा क्रिस्टेला.

हंसराज, म्हणजे ॲडिअँटम, दिसायला देखणा, पण पहिल्यांदा नको. त्याच्या काही जातींत फलन न होताच प्रोथॅलसवर नवा नेचा फुटतो. रोप मिळेल, पण जे बघायला हा उद्योग मांडला तेच बघायचं राहील. झाडांच्या बुंध्यावरचं बाशिंग आणि किल्ल्यांच्या तटावरची मयूरशिखा हे नेचे पुढच्या वर्षासाठी ठेवा.

२. पान कधी तोडायचं

आपल्याकडे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. तारखेपेक्षा रंग बघा. पान उलटं करून भिंग लावा. ठिपके पांढरट किंवा हिरवे असतील तर कच्चे. गडद तपकिरी आणि जरा चकचकीत असतील तर तयार. तांबूस, विस्कटलेले, लोकरीसारखे दिसले तर बीजाणू उडून गेलेत. टेरिसमध्ये सुटे ठिपके नसतात; पानाची कड आत दुमडलेली असते आणि तिच्याखाली सलग तपकिरी रेघ असते. एकाच पानावर टोकाला कच्चं आणि बुडाला पिकलेलं असं असतं, त्यामुळे मधला भाग घ्या.

हे ठिपके म्हणजे बीजाणू नव्हेत. प्रत्येक ठिपक्यात बऱ्याच बीजाणूधानी, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्या असतात, आणि बहुतेक नेच्यांत एकेका धानीत ६४ बीजाणू. एका पानातून लाखो निघतात ते असे. दोन-तीन पिसं पुरतात, अख्खी जुडी नको.

३. बीजाणू झाडून घ्या

पिसं कागदावर ठिपके खाली करून ठेवा, वरून दुसरा कागद घाला, कडा दुमडून पुडी करा आणि कोरड्या जागी एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. धानी फुटायला कोरडी हवा लागते. पिशवीत दमटपणा कोंडतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते.

कोरडी हवाच का, ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक धानीवर जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं असतं. त्यातलं पाणी आटत जातं तसं कडं हळूहळू मागे वळतं आणि धानी फाटून उघडते. ताण एका हद्दीपलीकडे गेला की त्या पेशींत उरलेल्या पाण्यात बुडबुडे फुटतात आणि कडं झटक्यात पूर्ववत होतं. त्या झटक्याने बीजाणू फेकले जातात. ताजं पिकलेलं पिस टेबललॅम्पच्या उबेत धरून भिंगातून बघा. सगळा ठिपका वळवळायला लागतो, आणि मधूनच एखादी धानी टिचकी मारून जागची नाहीशी होते. या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि त्यासाठी काही पेरावंही लागत नाही.

पुडी उघडली की कागदावर तपकिरी भुकटी दिसेल. तिच्यात बीजाणू कमी आणि फोलपटंच जास्त. कागद तिरका धरून मागून हलके टिचक्या मारा. फोलपटं घसरून पडतात, बारीक बीजाणू कागदाला चिकटून राहतात. तेच घ्यायचे. फोलपटांबरोबर बुरशीही येते, म्हणून ही पायरी चुकवू नका. पंखा बंद ठेवा, हे सांगायला नको.

४. कोकोपीट उकळत्या पाण्याने धुवा

गाळलेलं कोकोपीट डब्यात दोन बोटं भरा आणि वरून उकळतं पाणी ओता. झाकण लावून पूर्ण गार होऊ द्या, जास्तीचं पाणी निथळून टाका. पातळ प्लास्टिकचा डबा वाकतो, तेव्हा कोकोपीट आधी स्टीलच्या भांड्यात वाफवून मग भरलं तरी चालेल. शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यांतलं काहीही मिसळू नका. बीजाणूला सुरुवातीला खत लागत नाही, बुरशीला आणि चिलटांना मात्र ते हवंच असतं. बोअरच्या जड पाण्याने आठवडाभरात क्षारांची पांढरी साय धरते, त्यामुळे ते टाळा.

५. विरळ पेरा

कागद डब्यावर धरून एकच टिचकी मारा. काहीच पडलं नाही असं वाटेल. पुरेसं पडलेलं असतं. वरून माती घालू नका, कारण बहुतेक नेच्यांचे बीजाणू उजेडाशिवाय रुजत नाहीत. लगेच झाकण लावा आणि कडेने चिकटपट्टी फिरवा. डब्यावर जात, पान कुठून घेतलं ते ठिकाण, आणि पेरणीची तारीख लिहा. "लक्षात राहील" असं प्रत्येकाला वाटतं. राहत नाही.

विरळ कशासाठी? गर्दीत प्रोथॅलस एकमेकांवर चढून कुजतात, हे एक. दुसरं कारण जास्त मजेदार आहे. १९५० मध्ये ड्योप या जर्मन शास्त्रज्ञाला एका नेच्यात आढळलं की आधी वाढलेला प्रोथॅलस एक संप्रेरक सोडतो, आणि त्याच्या प्रभावाखाली शेजारची उशिराची पोरं नर होतात. पुढे हे अनेक नेच्यांत सापडलं. म्हणजे या नेच्यांत नर की मादी हे बीजाणूत लिहिलेलं नसतं, शेजार ठरवतो. डबा खचाखच भरलात तर खुरट्या नरांची फौज मिळेल आणि अंडपेशी मोजक्याच.

उलट एकटा पडलेला बीजाणू बऱ्याच जातींत दोन्ही प्रकारची युग्मकं स्वतःच तयार करून एकट्याने नेचा उभा करू शकतो. बीजाणू वाऱ्यावर दूर जातात आणि पोचल्यावर जोडीदार लागतोच असं नाही, म्हणून उजाड जमिनीवर नेचे लवकर पोचतात. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, आणि तीन वर्षांनी शास्त्रज्ञ तिथे पोचले तेव्हा राखेवर नेच्यांचंच राज्य होतं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले, त्याच्या लगेच वरच्या थरातही, विशेषतः उत्तर अमेरिकेत, नेच्यांच्या बीजाणूंची एकदम गर्दी सापडते. आपला दख्खनचा लाव्हाही त्याच सुमाराचा.

६. झाकण लावा आणि विसरा

डबा उत्तरेच्या खिडकीत किंवा भरपूर उजेडाच्या, पण उन्हाची तिरीपही न येणाऱ्या जागी ठेवा. बंद डब्यावर तासभर ऊन पडलं तरी आतलं सगळं शिजतं. रोज उघडून बघायचा मोह आवरा. आतून झाकणावर दव दिसतंय तोवर पाण्याची गरज नाही.

बंद पेटीची ही युक्ती जुनी आहे. १८२९ मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बघायला बंद बाटलीत ठेवला, आणि त्यातल्या मातीतून नेचा उगवला. बाहेर धुरकट लंडनमध्ये त्यांचे नेचे जगत नव्हते, बाटलीतला जगला. त्यावरून वॉर्डच्या काचपेट्या निघाल्या, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती गोळा करणाऱ्याने चीनमधली चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांसाठी याच पेट्यांतून आणली.

सावलीत नेचे मजेत का राहतात, याचाही एक मासला सांगतो. अंधुक उजेड टिपायला बऱ्याच नेच्यांकडे निओक्रोम नावाचं प्रथिन असतं. त्याचं जनुक नेच्यांचं स्वतःचं नव्हेच. हॉर्नवर्ट या शेवाळवर्गातल्या वनस्पतीकडून ते नेच्यांत आलं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. फुलझाडांची दाट जंगलं पसरली त्यानंतरच्या काळात, त्यांच्याच सावलीत, आजच्या नेच्यांच्या बहुतेक जाती घडल्या. आज जगात त्यांच्या साडेदहा हजारांच्या आसपास जाती आहेत. तेव्हा नेचा म्हणजे मागे राहिलेलं जुनाट झाड, आणि त्याच्यापासून पुढे फुलझाडं झाली, ही समजूत सोडून द्या. दोघं चुलत भावंडं आहेत.

७. हिरवी साय, मग प्रोथॅलस

दोन-तीन आठवड्यांत मातीवर हिरवट छटा येते. ती शेवाळ समजून फेकून देणारे भेटतात. थांबा, भिंग लावा. प्रोथॅलस असतील तर दीड-दोन महिन्यांत विड्याच्या पानासारखे, वरून खाच असलेले चकचकीत तुकडे दिसू लागतील. थंडीत किंवा घाटमाथ्यावर आणखी वेळ लागतो. चिकट, सपाट, आकार नसलेली साय तेवढीच राहिली तर ते शैवाल. पाणी जास्त झालंय.

एखादा मोठासा प्रोथॅलस टूथपिकने उचला, पाण्याच्या थेंबात उलटा ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून बघा. मधला उंचवटा सोडला तर सगळा एका पेशीच्या जाडीचा आहे. पेशी न् पेशी आणि तिच्यातले हरितकणही मोजता येतील. खालच्या बाजूला तपकिरी केस म्हणजे मूलाभ. त्यांच्या आसपास गोल फुगवटे दिसतात, ते पुंयुग्मकं तयार करणारे. खाचेजवळ आखूड नळ्यांसारखे उभे दिसतात ते अंडपेशीचे कुंभ.

डब्यात बहुधा एक आगंतुकही येईल: मॉस. बारीक पानांचे उभे कोंब दिसले तर तेच. चिमट्याने काढा, पण एक कोपऱ्यात राहू द्या, कारण तुलनेला इतकं सोयीचं दुसरं काही नाही. मॉसची आपल्याला दिसणारी हिरवी गादी ही युग्मकांची पिढी, म्हणजे नेच्याच्या प्रोथॅलसची समकक्ष. तिच्यावर उगवणारी दांडी आणि बोंड ही बीजाणूंची पिढी, आणि ती जन्मभर आईच्या अंगावरच पोसली जाते. नेच्यात पारडं फिरलेलं आहे.

हे पारडं कसं फिरलं याचे पुरावे दगडांत आहेत. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या सुमारे ४१ कोटी वर्षांच्या दगडात झाडं पेशींसकट टिकली आहेत, आणि तिथे युग्मकांची पिढीसुद्धा सापडली आहे. ती आजच्या प्रोथॅलससारखी चपटी नाही, छोट्या उभ्या दांड्यांची आहे. मग मॉसच्या बाजूला युग्मकांची पिढी मुख्य राहिली, आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या असलेल्या झाडांत बीजाणूंची पिढी वाढत गेली. तिला उंची परवडते. उंचावरून बीजाणू दूर जातात, तर युग्मकांना मात्र खाली पाण्याजवळच राहावं लागतं.

८. आता पाणी द्या

प्रोथॅलस मोठे झाले तरी नेचे उगवत नाहीत, अशी तक्रार बरेच जण करतात. कारण साधं आहे: बंद डब्यात दमटपणा असतो, पण पोहायला पाणी नसतं. चार-पाच दिवस डबा किंचित कोरडा राहू द्या, सुकू मात्र देऊ नका. मग उकळून गार केलेलं पाणी फवारून प्रोथॅलसवर सलग पातळ थर होऊ द्या. आठवड्याने पुन्हा करा.

याच वेळी एक प्रोथॅलस थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पक्व असेल तर काही मिनिटांत फुगवटे फुटतात आणि मळसूत्री, अनेक शेपट्यांची पुंयुग्मकं गरगरत बाहेर पडतात. वाट कशी सापडते? १८८४ मध्ये विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं की मॅलिक आम्ल भरलेल्या काचेच्या नळीकडे ती थव्याने धावतात. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे.

पाण्याची ही अट पूर्वज पाण्यातले असल्याची आठवण. तिच्यातून सुटका हळूहळू झाली. सिलॅजिनेलासारख्या वनस्पतींत बीजाणू दोन मापांचे झाले, आणि युग्मकांची पिढी बीजाणूच्या कवचातच मावू लागली. मग मोठा बीजाणू आईने अंगावरच ठेवला, भोवती आवरण आलं, आणि सुमारे ३६-३७ कोटी वर्षांपूर्वी पहिल्या बिया दिसू लागल्या. फूल त्यानंतर फार उशिरा आलं. मधल्या काळात बिया होत्या, फुलं नव्हती. चंद्रपूर, वणी, उमरेडचा दगडी कोळसा त्या काळातला. पाठ्यपुस्तकातलं 'प्रचंड नेचेवर्गीय जंगलांचा कोळसा' हे चित्र मुख्यतः युरोप-अमेरिकेचं आहे. आपला कोळसा पर्मियन काळातला, आणि त्यात ग्लॉसोप्टेरिस या बिया धरणाऱ्या पण फुलं नसलेल्या झाडांचा मोठा वाटा आहे.

बंगल्यांच्या दारात सायकस असतो, तो याच मधल्या टप्प्यातला. त्याला बी आहे, परागकण आहेत, आणि तरीही परागनलिकेतून शेवटी पोहणारं पुंयुग्मक बाहेर पडतं. १८९६ मध्ये जपानमध्ये हिरासे यांनी गिंको वृक्षात आणि इकेनो यांनी सायकसमध्ये ते पाहिलं. सुरूचं झाड मात्र या यादीत घालू नका. सुया असल्या तरी त्याला फुलं येतात.

९. रोपं बाहेर काढा

पाणी दिल्यावर महिन्या-दोन महिन्यांत प्रोथॅलसच्या खाचेखालून एक इवलं पान उभं राहतं. ते मोठ्या नेच्यासारखं मुळीच दिसत नाही, साधं पंख्यासारखं असतं, त्यामुळे तण समजून उपटू नका. तीन-चार पानं आली की चमचाभर मातीसकट झुबका उचलून लहान कुंडीत लावा. एकेक रोप सुटं करायला गेलात तर बहुतेक मरतात. झाकण एकदम काढू नका. आठवडाभर फट, मग अर्धं, मग पूर्ण.

ऑक्टोबरची पेरणी असेल तर रोपं नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. पुण्यात किंवा विदर्भात मार्च ते मे त्यांना बाहेर काढायचं धाडस करू नका. डब्यातच राहू द्या, फक्त फार गर्दी झाली तर दुसऱ्या डब्यात पांगवा. जूनच्या पहिल्या पावसानंतर बाहेर काढलीत तर क्वचितच दगावतात. टेरिसच्या कुंडीत जुन्या चुन्याचा एखादा खडा टाका.

उरलेले बीजाणू कागदी पुडीत, पुडी हवाबंद बरणीत, बरणी फ्रिजमध्ये. तपकिरी बीजाणू असे वर्षानुवर्षं टिकतात. हिरवे बीजाणू असलेल्या जाती, उदाहरणार्थ ऑस्मुंडा, पानावरून काढल्या काढल्या पेरा. त्या काही आठवड्यांतच निकामी होतात.